‘जोडीदार’ : समलिंगी प्रेमाचे मराठी चित्रपट आणि त्यांची भाषा

१. प्रास्ताविक

पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे ह्या दोन तालुक्यांत प्रस्तुत लेखक काही वर्षे बोलीविषयक सामग्री गोळा करीत आहे. (वेल्हे तालुक्यास शासनाने आता राजगड हे नाव दिले आहे, तथापि लोकांच्या तोंडी जुनेच नाव असल्यामुळे येथे तेच योजिले आहे.) नात्याचे आणि सोबतीचे शब्द गोळा करणे हा त्या कामाचा एक भाग होय. ह्या कामी त्याच भागातील एका पदव्युत्तर विद्यार्थ्याचे साह्य होत असे. एके दिवशी शब्दांची टिपणे लावीत असता त्याने विचारले, “सर, दोन पुरुषांचं एकमेकांवर प्रेम असेल, तर त्याला आपल्याकडं काय म्हणायचं? शिवी नको, आणि पुस्तकातला शब्दपण नको.”

प्रश्न केवळ कोशाचा नव्हता, हे ध्यानात येण्यास वेळ लागला नाही. त्याच्या घरी त्याच्यासाठी स्थळे पाहण्यास आरंभ झाला होता, आणि घरच्यांशी बोलावयाचे तर कोणत्या शब्दांत बोलावे हे त्यास कळत नव्हते. मजजवळ तयार उत्तर नव्हते. उत्तराऐवजी मी त्यास काही चित्रपटांची नावे लिहून दिली. त्या यादीचा विस्तार म्हणजे प्रस्तुत लेख. प्रसंग त्या विद्यार्थ्याच्या संमतीने, गावाचे नाव गाळून, येथे सांगितला आहे.

चित्रपटांची शिफारस भाषाविषयक पत्रिकेत का करावी, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर असे की, हे चित्रपट पाहताना कथा, अभिनय, छायाचित्रण ह्यांच्या जोडीने एक प्रश्न सतत मनात ठेवावा : ह्यांतील माणसांना आपले म्हणणे मराठीत मांडता येते काय, आणि येत असेल तर कोणत्या मराठीत? ह्या प्रश्नाच्या कसोटीवर चित्रपटांचे वेगळेच मोल ठरते.

२. शब्दांचे तीन थर

समलिंगी प्रेमाविषयी मराठीत आज उपलब्ध असलेल्या शब्दांचे तीन थर पाडता येतात. पहिला थर शिव्यांचा. तो विपुल आहे व सर्वांस परिचित आहे. त्याची उदाहरणे देण्याचे कारण नाही. दुसरा थर संस्कृत घडणीच्या पारिभाषिक शब्दांचा : ‘समलिंगी’, ‘समलैंगिकता’ इत्यादी. हे शब्द निर्दोष आहेत आणि वृत्तपत्रांत रूढही झाले आहेत. परंतु ते न्यायालयाच्या निकालात किंवा डॉक्टरांच्या लेखात शोभतात. आईपुढे जेवताना उच्चारावेत असे ते शब्द नव्हेत. शिवाय ‘लिंग’ हा शब्द व्याकरणात एका अर्थी, तर व्यवहारात दुसऱ्या अर्थी चालतो. त्या दुसऱ्या अर्थाने प्रेमाचा सगळा प्रश्न शरीरापाशी येऊन थांबतो.

तिसरा थर साध्या, घरगुती शब्दांचा. मित्र, मैत्रीण, सोबती, जिवलग, जोडीदार हे शब्द ह्या नात्यासाठी घडविलेले नाहीत. पण गरज पडली म्हणजे माणसे तेच हाती घेतात. प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, ज्या चित्रपटांनी ह्या तिसऱ्या थरातून भाषा उचलली, तेच अधिक खरे उतरले आहेत.

येथे मराठी व्याकरणाची एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. बंगालीत सर्वनामास लिंगभेद नाही. मराठीत तो सर्वनामास, विशेषणास व क्रियापदासही आहे. ‘तो आवडतो’ की ‘ती आवडते’ हे पहिल्याच वाक्यात उघड करावे लागते. आदरार्थी बहुवचनाचाही आडोसा मिळत नाही, कारण तेथेही ‘ते’ आणि ‘त्या’ वेगळे आहेत. सुशिक्षित वक्ता अशा वेळी एका शब्दाचा आसरा घेतो : ‘एक व्यक्ती आहे, ती मला आवडते.’ ‘व्यक्ती’ हे नाम पुरुषाविषयी वापरले तरी स्त्रीलिंगीच राहते; त्यामुळे वाक्य खरेही ठरते आणि काही सांगतही नाही. पण वेल्ह्याच्या एखाद्या वाडीत ‘एक व्यक्ती’ असे कोण म्हणतो? तेथे हा आडोसा नाही. तेथे बोलणे किंवा गप्प राहणे एवढे दोनच मार्ग उरतात, आणि बहुतेक माणसे दुसरा पत्करतात.

३. ‘आपल्या भाषेत शब्द नाही’

ह्या मौनाचा उच्चार दीपा मेहता ह्यांच्या ‘फायर’ (१९९६) ह्या चित्रपटात झाला. दिल्लीतील एकत्र कुटुंबातील दोन जावांच्या प्रेमाची ही कथा. आपण एकमेकींच्या कोण आहोत हे सांगणारा शब्द आपल्या भाषेत नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांतील धाकटी जाऊ काढते. चित्रपट मूळ इंग्रजी असल्यामुळे ‘आपल्या भाषेत शब्द नाही’ हे वाक्यदेखील परक्या भाषेत उच्चारले जाते, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये. १९९८ च्या अखेरीस तो भारतात प्रदर्शित झाल्यावर मुंबईतील चित्रपटगृहांवर हल्ले झाले. ज्या गोष्टीस नाव नाही ती अस्तित्वातच नाही, अशी अनेकांची समजूत होती. पडद्याने ती मोडली, हेही त्या क्षोभाचे एक कारण असावे.

शब्द उच्चारण्याचे मोल इतरत्रही मोठे ठरले आहे. बेसिल डिअर्डन ह्यांचा ‘व्हिक्टिम’ (१९६१) हा ब्रिटिश चित्रपट समलिंगी पुरुषांना धमकावून पैसे उकळणाऱ्यांविषयी आहे. इंग्रजी चित्रपटांत समलिंगी ह्या अर्थाचा शब्द स्पष्टपणे उच्चारणारा हा आरंभीचा चित्रपट म्हणून ओळखला जातो. इंग्लंडमधील कायदा १९६७ साली सैल झाला. त्याच इंग्रजांनी १८६० च्या भारतीय दंडसंहितेत घातलेले ३७७ वे कलम मात्र आपल्याकडे टिकून राहिले. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते रद्द ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय फिरविला. आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने असे संबंध गुन्हा नव्हेत असा निर्णय दिला. विवाहाच्या हक्काची मागणी मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मान्य झाली नाही. पुढील चित्रपट पाहताना हा कालपट मनात असावा. कारण कोणता संवाद कोणत्या वर्षी शक्य होता, हे त्यावरून कळते.

४. पाहण्याजोगे चित्रपट

(अ) ‘उंबरठा’ (१९८२). दिग्दर्शक जब्बार पटेल. पटकथा विजय तेंडुलकर. मूळ कादंबरी शांता निसळ ह्यांची ‘बेघर’. महिलाश्रमाच्या अधीक्षिकेचे काम पत्करणाऱ्या सुलभा महाजनची भूमिका स्मिता पाटील ह्यांनी केली आहे. आश्रमातील दोन स्त्रियांचे परस्परसंबंध हा ह्या चित्रपटातील एक लहानसा प्रसंग. मराठी पडद्याने हा विषय गांभीर्याने घेतल्याचे हे आरंभीचे उदाहरण म्हणून तो पाहावा. परंतु त्या दोघींची बाजू त्यांच्या स्वतःच्या तोंडून आपणांस फारशी ऐकू येत नाही. संस्थेपुढील एक अडचण म्हणून त्या आपल्यापुढे येतात. सहानुभूती आहे, पण बोलण्याचा अधिकार अद्याप त्यांस मिळालेला नाही.

(आ) ‘मित्रा’. रवी जाधव ह्यांचा हा लघुपट ‘बायोस्कोप’ (२०१५) ह्या चार कथांच्या चित्रपटाचा एक भाग असून त्यास कथात्मक लघुपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. तेंडुलकरांच्या ज्या कथेवरून ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक झाले, तीच येथे आधाराला आहे. नाटकात ही भूमिका रोहिणी हट्टंगडी ह्यांनी केली होती. लघुपटात ती वीणा जामकर ह्यांनी केली आहे. काळ स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमाराचा, चित्रण कृष्णधवल.

ह्या कथेचे नावच भाषिक दृष्ट्या अत्यंत अर्थपूर्ण आहे. नायिका सुमित्रा, तिचे लघुरूप ‘मित्रा’. मराठीत आकारान्त असल्याने हे नाव स्त्रीचे वाटते. पण ‘मित्र’ ह्या पुल्लिंगी नामाचे संबोधनही ‘मित्रा’ असेच होते. म्हणजे हाक मारणारा तिला स्त्री म्हणूनही हाक मारतो आणि पुरुषमित्र म्हणूनही. संस्कृतात तर सखा ह्या अर्थी ‘मित्रम्’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. तीनही लिंगांत वावरणारा हा शब्द तेंडुलकरांनी आपल्या नायिकेस दिला. तिसऱ्या थरातील साधा शब्द केवढे ओझे पेलू शकतो, ह्याचे इतके चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

(इ) ‘थांग’ (२००६). अमोल पालेकर ह्यांनी हा चित्रपट मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत केला. आपल्या पतीचे दुसऱ्या पुरुषाशी संबंध आहेत हे कळल्यावर एका सुशिक्षित स्त्रीची जी अवस्था होते, तिचे हे चित्रण. पत्नीची भूमिका मृणाल कुलकर्णी ह्यांची. विषय पुरुषांचा असला तरी दृष्टी पत्नीची आहे, हे ह्याचे वैशिष्ट्य. ‘लग्न केले की सगळे ठीक होईल’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक पालकाने हा चित्रपट पाहावा. एकाचे मौन झाकण्यासाठी दुसऱ्या घरची मुलगी त्यात ओढली जाते. तिला कोणी विचारलेले नसते. कशाचा थांग लागत नाही असे आपण सहज म्हणतो. येथे थांग लागतो, पण फार उशिरा. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्यास मी हा चित्रपट सर्वप्रथम पाहण्यास सांगितले, त्याचे कारण उघड आहे.

(ई) ‘अलिगढ’ (२०१६ साली प्रदर्शित). दिग्दर्शक हंसल मेहता. भाषा हिंदी व इंग्रजी. पण नायक आपल्याच व्यवसायातला. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे अध्यापन करणारे प्राध्यापक श्रीनिवास रामचंद्र सिरस ह्यांच्या घरात ८ फेब्रुवारी २०१० रोजी कॅमेरा घेतलेली माणसे घुसली; त्यानंतर विद्यापीठाने त्यांस निलंबित केले. १ एप्रिल रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या निलंबनास स्थगिती दिली. ७ एप्रिल रोजी ते राहत्या घरी मृतावस्थेत आढळले. सिरस कवी होते. ‘पायाखालची हिरवळ’ हा त्यांचा काव्यसंग्रह.

मनोज बाजपेयी ह्यांनी उभा केलेला हा प्राध्यापक आपल्याला लावल्या जाणाऱ्या तीन अक्षरी इंग्रजी शब्दावर समाधानी नाही. त्याच्या मते आपली भावना त्या तीन अक्षरांत मावणारी नाही. ती कवितेच्या जवळची आहे. आयुष्यभर मराठीचे अध्यापन केलेल्या माणसास आपल्या प्रेमाविषयी बोलावयाचे तर पत्रकाराशी, न्यायालयाशी, वकिलाशी परक्या भाषेतच बोलावे लागते, ही ह्या चित्रपटातील मला सर्वांत बोचणारी गोष्ट. विद्यापीठातील अध्यापकांनी तो अवश्य पाहावा. कारण सिरस ह्यांच्याविरुद्ध जे घडले ते एखाद्या अडाणी खेड्यात नव्हे, विद्यापीठाच्या आवारात घडले.

(उ) ‘कोबाल्ट ब्ल्यू’ (२०२२). सचिन कुंडलकर ह्यांची ह्याच नावाची मराठी कादंबरी २००६ साली आली. एकाच घरातील भाऊ आणि बहीण घरात राहावयास आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. कादंबरीत भावाचे निवेदन त्या तरुणास उद्देशून, म्हणजे द्वितीयपुरुषी आहे. ‘तू’ ह्या सर्वनामास लिंग नाही. पण ‘तू गेलास’ म्हणताच क्रियापद ते सांगून टाकते. चित्रपट स्वतः लेखकानेच दिग्दर्शित केला. मात्र कथा कोचीस नेली आणि भाषा हिंदी-इंग्रजी केली. चित्रपट देखणा आहे. तरीही कादंबरी आधी वाचावी, मग चित्रपट पाहावा, आणि भाषा बदलताच घराचा स्वर कसा बदलला ह्याची नोंद करावी. वर्गातील तुलनात्मक अभ्यासास हा उत्तम विषय होईल.

(ऊ) ‘साबर बोंडं’ (२०२५). रोहन परशुराम कानवडे ह्यांच्या ह्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटास जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांच्या विभागातील सर्वोच्च पुरस्कार मिळाला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो भारतात प्रदर्शित झाला. वडील वारल्यावर मुंबईत राहणारा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर मूळ गावी येतो. नातलग लग्नाचा लकडा लावतात. त्याच गावात त्याचा बालपणीचा मित्र बाळ्या आहे. तोही अविवाहित, त्यालाही घरचे लग्नासाठी टोचीत आहेत. पार्श्वसंगीत नाही, घाई नाही, भाषण नाही.

नावापासूनच ह्या चित्रपटाने बोलीची बाजू घेतली आहे. ‘बोंड’ ह्या नपुंसकलिंगी नामाचे प्रमाण लेखी अनेकवचन ‘बोंडे’. बोलण्यात ते ‘बोंडं’ होते. शीर्षक लिहिताना दिग्दर्शकाने बोललेलेच रूप राखले. भोर-वेल्ह्याच्या उच्चारातही ते तसेच आहे. निवडुंगाचे हे फळ बाळ्या मित्रासाठी आणतो. प्रेम सांगण्याची त्याची ही रीत. दोघांच्या नात्यास पारिभाषिक नाव देण्याची चित्रपटास निकड वाटत नाही. खेड्यातील माणसे ज्या शब्दांनी गुरे, शेत, सुतक, पाहुणे ह्यांविषयी बोलतात, त्याच शब्दांनी हे दोघे एकमेकांशी बोलतात. आई मुलास ओळखून आहे आणि त्याच्या पाठीशी आहे. तिने हे पुस्तक वाचून साधलेले नाही. खेडे म्हणजे केवळ दडपण आणि शहर म्हणजे केवळ मुक्ती, ही ठरीव मांडणी येथे ढासळते.

कानवडे ह्यांचा ‘उ उषाचा’ (२०१९) हा लघुपटही जोडीने पाहावा. निरक्षर शेतमजूर स्त्रीस गावच्या प्राथमिक शाळेतील शिक्षिकेविषयी वाटणारी ओढ हा त्याचा विषय. बाराखडी शिकणे आणि आपल्या मनातील गोष्ट ओळखणे ह्या दोन क्रिया तेथे जवळजवळ एक होतात.

५. एक सावधगिरी

विद्यार्थी पुष्कळदा ‘जोगवा’ (२००९) आणि ‘नटरंग’ (२०१०) ह्यांचा अंतर्भाव ह्याच यादीत करतात. दोन्ही चित्रपट पाहण्यासारखे आहेत. पण त्यांचा विषय निराळा. ‘जोगवा’तील जोगत्यास रूढीने साडी नेसावयास लावली आहे, त्याचे प्रेम जोगतिणीवर, म्हणजे स्त्रीवर आहे. ‘नटरंग’मधील पहिलवान गडी कलेपायी नाच्या होतो, त्याचीही ओढ स्त्रियांकडेच आहे. बायकी हावभाव, स्त्रीवेष आणि पुरुषाविषयीची ओढ ह्या तीन वेगळ्या गोष्टी होत. लोकव्यवहारात शिव्यांच्या पहिल्या थराने त्यांची एकच मोट बांधली आहे. अभ्यासकाने ती सोडविली पाहिजे. मात्र नाच्याची भूमिका केली एवढ्यावरून गाव एखाद्याची कशी विटंबना करते, हे समजण्यास ‘नटरंग’ उपयोगी आहे.

६. दाखविण्याविषयी दोन शब्द

तालुक्याच्या महाविद्यालयांतून हे चित्रपट दाखवू इच्छिणाऱ्या अध्यापकांस अनुभवावरून दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली अशी की, चर्चेत कोणाही विद्यार्थ्यास स्वतःविषयी बोलावयास लावू नये. पन्नास जणांच्या वर्गात ज्यास हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, तोच बहुधा सर्वांत मागे गप्प बसलेला असतो. त्याने ऐकले, एवढे पुरे. दुसरी सूचना अशी की, आरंभ ‘मित्रा’ आणि ‘साबर बोंडं’ ह्यांपासून करावा. कायदा व आंदोलन ह्यांचे विवेचन मागाहून यावे. माणसे ओळखीची वाटली म्हणजे विषय परका वाटत नाही.

७. समारोप

विद्यार्थ्याने विचारलेल्या शब्दाकडे आता परत येऊ. भोर व वेल्हे ह्या भागांत गोळा केलेल्या टिपणांत ‘जोडीदार’ हा शब्द वारंवार आढळतो. बाजारास, वारीस, गडावर किंवा शेतकामास जो बरोबर असतो तो जोडीदार. शहरात मात्र विवाहविषयक जाहिरातींनी हा शब्द पती किंवा पत्नी ह्या अर्थी घट्ट केला आहे. ‘जोडी’ हा आपला शब्द आणि ‘-दार’ हा फारसी प्रत्यय ह्यांच्या मिलाफातून तो घडला. गावातील अर्थ सोबतीचा, शहरातील अर्थ संसाराचा. दोन्ही अर्थ एकाच शब्दात आजही नांदत आहेत. ह्याहून सोयीचा शब्द नव्याने घडविण्याची गरज मला दिसत नाही.

मी त्यास हा शब्द सुचविला. त्याने थोडा विचार करून म्हटले, “आमच्याकडं म्हातारीसुद्धा म्हणते हा शब्द.” पुढे ‘साबर बोंडं’ त्याने एकट्याने पाहिला; नंतर दुसऱ्यांदा थोरल्या बहिणीस घेऊन पाहिला. स्थळे पाहण्याचे काम सध्या थांबले आहे. घरात बोलणे अर्ध्यावर आहे, आणि आईस अद्याप काही सांगितलेले नाही. ते कधी सांगावे हे त्याचे त्याने ठरवावयाचे आहे.

अभ्यासाच्या दृष्टीने मात्र काम पुष्कळ शिल्लक आहे. सोबतीच्या शब्दांचा अर्थविस्तार कोणत्या भागात कसा होतो, वरील चित्रपटांतील संवादांत लिंगनिदर्शक प्रत्यय कोठे टाळले व कोठे मुद्दाम योजिले आहेत, ह्यांची पद्धतशीर नोंद होणे अगत्याचे आहे. पदव्युत्तर वर्गातील जिज्ञासूंनी हा विषय प्रबंधिकेसाठी अवश्य घ्यावा.